‘त’च्या जागी ‘क’

प्रिय मास्तरीणबाई,

घेतला एकदाचा. तू, लेक आणि दुकानदार अशा तिघांनी मिळून टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं होतं; मी लॅपटॉप घेतला. आता तू कपाळाला हात लावणार, ते इथूनही दिसतंय. पण नवी वस्तू घरात आली की तिचे गुणदोष मोजायचे ही तुझीच शिस्त, म्हणून फोन न करता लिहायला बसलोय. फोनवर आपलं हल्ली जमतही नाही. शाळेने तुला त्या परगावीच मुख्याध्यापिका म्हणून कायमची राहशील का असं विचारलं, तू मला विचारलंस काय करू, आणि मी म्हणालो, तुला वाटेल ते कर. मला म्हणायचं होतं, तुझ्या मनासारखं होऊ दे. तुला ऐकू आलं, मला काय त्याचं. तेव्हापासून तू आईच्या गुडघ्यांची चौकशी करतेस आणि फोन ठेवतेस. शाळेला मात्र अजून उत्तर दिलेलं नाहीस, असं लेक सांगत होती.

तर आधी गुण. स्क्रीन लख्ख आहे, इतकी की जुनीला पिवळट झाक होती हे मला आत्ता कळलं. त्या पिवळेपणात निळा रंग निळाच दिसावा म्हणून मी भूगोलाच्या पुस्तकात रंग ढकलत गेलो, आणि इथे उघडून बघतो तर समुद्र चक्क जांभळा. पुस्तक छापून मुलांच्या हातात गेलंय. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांचा तो जांभळाच राहणार. तुझ्या शाळेत ते पुस्तक आलं तर माझं नाव सांगू नकोस.

वेगाचं विचारशील तर बोट लावलं की उघडतो. जुना सुरू व्हायला किती आढेवेढे घ्यायचा ते तुला आठवत असेल. मी बटण दाबून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन टेकायचो, आणि तो जागा होईपर्यंत आपण वाट्टेल ते बोलायचो. मग आत टिंग वाजलं की तू म्हणायचीस, जा, साहेब उठले. आपल्या संसारातलं अर्धं बोलणं त्या दाराशी झालंय. आता दाराशी जायला वेळच मिळत नाही, आणि गेलो तरी आत कुणी नसतं. हा गुण धरायचा की दोष, तूच ठरव.

आवाज तर अजिबात नाही. त्यामुळे आईला वाटतं, मी नुसताच बसलोय. जुन्याचा पंखा घरघरत असला की ती पाय न वाजवता चालायची. आता दर थोड्या वेळाने येऊन शेंगा सोलायला लावते. पहिल्या दिवशी तिने याला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, याचं उरलेलं कुठंय?

दोषही काही कमी नाहीत. भोकं दोनच, त्यात प्रिंटरची वायर जात नाही, मध्ये वेगळा कनेक्टर लावावा लागतो. मांडीवर घेतला की तापतो. बॅटरी सांगितली त्याच्या निम्मी टिकते. दोन पानं शेजारी मांडली की अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि पुस्तकांची पानं जुळवणं हाच माझा धंदा. तूच मला जुळारी म्हणतेस, पण जुळाऱ्याला पान दिसायला तर हवं.

सगळ्यात मोठी पंचाईत कीबोर्डची झाली. जुन्या कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर तू लावले होतेस, आणि लावताना ‘क’च्या जागी ‘त’ आणि ‘त’च्या जागी ‘क’ चिकटवलास. मी दोन बोटांनी, खाली बघून टाइप करणारा माणूस. तुझी चूक सुधारण्यापेक्षा मी तीच अंगवळणी पाडून घेतली. ‘क’ हवा की ‘त’ दाबायचा. नव्यावर दुकानदाराने सगळे स्टिकर बरोबर लावून दिले आणि माझं सगळं चुकायला लागलं. तुला निरोप पाठवायला बसलो. लिहायचं होतं, तू कधी येतेस. उमटलं, कू तधी येकेस. मोठ्याने हसलो. शेवटी नखाने ते दोन्ही स्टिकर काढले आणि तू लावले होतेस तसे उलटे लावले. आता हात बरोबर चालतोय. तुझी फार आठवण येते गं. हे फोनवर माझ्याच्याने बोलवत नाही.

गेल्या रविवारी तुला पहिल्यांदा या मोठ्या स्क्रीनवर पाहिलं. फोनमध्ये तू हाताच्या तळव्याएवढी असतेस. इथे तुझ्या कानाजवळचे पांढरे केस दिसले, नवा चष्मा दिसला, आणि मागे खुर्ची एकच दिसली. वर्गातल्या पोरींचं काहीतरी आईला सांगताना तू खूश होतीस. मी ते बघत बसलो आणि तू काय सांगत होतीस ते ऐकायचंच राहिलं.

आता टेबलावरचा मोठा का घेतला नाही, ते सांगतो. तो उचलून कुठे नेता आला नसता. प्रकाशकांना विचारून आलोय. ते म्हणाले, पानं वेळेवर आली म्हणजे झालं, तुम्ही कुठेही बसा. आईला विचारलं. वाटलं होतं, घर सोडायचं म्हटल्यावर रडारड करील. ती म्हणाली, सुनेकडे सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं ते आधी विचार. लेकीला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. भीती एवढीच वाटते की तिथे तुझं स्वतःचं काहीतरी बसलंय, तुझ्या वेळा, तुझी शांतता, आणि आम्ही दोघं मध्येच येऊन टपकणार. नको असेल तर तसं लिही, मी रुसणार नाही. रुसलो तरी तुला कळू देणार नाही. पण इतकी वर्षं जिथे माझं काम, तिथे तू राहिलीस. आता जिथे तुझं काम, तिथे मला राहायचंय. शाळेला हो म्हण. आणि जमलं तर आम्हालाही.

तुझाच,
जुळारी