भिंतीपलीकडची इरा

बदलापूर, १ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
मीनलचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणशील, फोन सोडून ही बया पत्रं कसली लिहायला लागली! पण आमच्या स्वयंपाकघराची भिंत इतकी पातळ आहे की शेजारच्या हिमानीच्या कुकरची शिट्टी झाली की मी आपला गॅस बंद करायला उठते. माझं बोलणंही तिला तितकंच ऐकू जात असणार, आणि सांगायचंय ते तिच्याबद्दलच.

काल अष्टमीला कुमारिका जेवायला बोलावल्या होत्या. हिमानीची चार वर्षांची इराही होती. पाय धुवायला तिचा परकर वर केला, तर पोटरीवर उलथन्याचे चटके. एक जुना, एक ताजा. विचारलं तर म्हणाली, बाबा झोपले होते आणि मी आवाज केला, म्हणून आईने दिले. बाबा म्हणजे अवधूत. अंबरनाथच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. हिमानीच्या पदरात तान्हं बाळ. तिचं ओरडणं मला रोज ऐकू येतं, पण हे असं असेल असं वाटलं नव्हतं.

तुझा जावई समीर म्हणतो, लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस. मला मात्र घास उतरत नाही.

माया असतेच तुझी, या वेळी जरा अक्कलही पाठव.
तुझी मीनल


विठ्ठलवाडी, ४ ऑक्टोबर २०२५

चि. मीनलला अनेक आशीर्वाद.

तू अक्कल मागितलीस, म्हणजे प्रकरण गंभीरच आहे! एकदम पोलीसबिलीस नको. त्या हिमानीला कुणीतरी वडीलधारं हवं. सासू वांगणीलाच असते ना? तिच्या कानावर घाल. घरातलं घरात मिटलेलं बरं.

आणि वेळेवर जेवत जा. उपाशी माणसाला काही सुचत नाही.

आशीर्वाद नेहमीचे, काळजी जास्तीची.
तुझी मावशी


बदलापूर, ११ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस शि. सा. न.

तुझं ऐकलं आणि घोळ झाला. हिमानीच्या सासूबाई आल्या त्या तोफखाना घेऊनच. जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या की हिला पोरं सांभाळता येत नाहीत, आणि संध्याकाळी परत गेल्या. बाळाला तासभरही घेतलं नाही. अवधूत बायकोशी बोलत नाही. इरा खाली खेळायला येत नाही. भिंतीतून आता काहीच ऐकू येत नाही, आणि त्यानेच माझा जीव जास्त घाबरतोय.

आज गच्चीवर जाऊन १०९८ला फोन केला, मुलांची हेल्पलाइन आहे ती. मला खात्री नाही म्हटलं, तर ती बाई म्हणाली की संशय पुरे, तपासायचं काम आमचं. तुमचं नावही सांगणार नाही. आईला तुरुंगात टाकाल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आधी पोर सुखरूप हवं, मग आईला काय मदत लागते तेही बघू. समीरला अजून सांगितलेलं नाही. गच्चीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

हवं तर रागाव, पण माझी राहा.
तुझी मीनल


विठ्ठलवाडी, १५ ऑक्टोबर २०२५

चि. मीनलला आशीर्वाद.

मी चुकले गं. वय झालं की समज येते असं धरून चालले. फोन केलास ते बरं केलंस. तुझ्या काकांना सांगितलं, तर म्हणाले की माझ्याने हे झालं नसतं, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. त्यांच्याकडून ही स्तुती आहे, जपून ठेव.

पण माणसं येतील, चौकशी करून जातील. शेजारी तूच राहतेस. हिमानीशी बोलणं तोडू नकोस.

जीव तिकडेच लागलाय.
तुझी मावशी


बदलापूर, ९ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

हेल्पलाइनकडून दोन बायका आल्या होत्या. इराला दवाखान्यात नेलं, आईबापांना बाल कल्याण समितीपुढे बोलावलं. इरा घरीच आहे, पण त्या न सांगता येऊन बघून जातात. हिमानी समुपदेशनाला जाते. बाळंतपणानंतर ती धड झोपलीच नव्हती; आजारच होता तो, आणि आम्ही सगळे तिला तापट म्हणत होतो. अवधूतने दिवसपाळी मागितली आहे, अजून मिळालेली नाही. मी इतके दिवस बोलायला जायची आणि ती मान फिरवायची.

आज दुपारी बेल वाजली. दारात हिमानी, घामाने डबडबलेली, इराचा हात धरून. म्हणाली, फोन तुम्हीच केलात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी नाही म्हटलं नाही. मग तिने इराचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली की माझा हात उठायच्या आत हिला ठेवून घ्या. तशीच वळून गेली. मला रडूच फुटलं.

मावशी, पुढच्या आठवड्यात मी तुझ्याकडे येणार होते, ते जमणार नाही. ती उद्याही आली तर दार उघडायला मी घरात हवी.

तूच ये, लोभ हातोहात दे.
तुझी मीनल