उरलेला आवाज

दि. ४ जून

तीर्थस्वरूप भाऊजींस,
सा. न. वि. वि.

आपल्या वयोवृद्ध गाडीची आपण अंगणात आरंभिलेली विटंबना ताईच्या पत्रातून कळली. आसने व्हरांड्यात, गालिचा दोरीवर आणि स्वतः आपण गाडीच्या उदरात पालथे, हे वर्णन वाचून मला शवविच्छेदनच चालले आहे असे वाटले. पुढे वाचतो तो काय, रस्त्याची घरघर आत येऊ नये म्हणून आपण पत्र्याला आतून चिकट रबराची चंदेरी चादर डकवीत आहात! साध्यासुध्या वस्तूंना भारदस्त नावे ठेवून ज्या परिभाषा कार्यालयात मी एकवीस वर्षे पोट भरीत आहे, तेथे या उपद्व्यापास ‘रथध्वनिशमन’ हा शब्द मी सुचविला व तो तत्काळ मंजूर झाला. आपल्या या खटाटोपातून निष्पन्न होणारी एकमेव उपयुक्त वस्तू ती हीच.

आपण घड्याळजी. जन्मभर मोहरीएवढे स्क्रू हाताळणाऱ्या पुरुषाने चादर दाबण्यासाठी बायकोचे लाटणे पळवावे? पत्रात ताईने त्या लाटण्याचा उल्लेख ‘दिवंगत’ असा केला आहे.

ताईच्या ज्या आवाजाने तीस वर्षे शाळेच्या शेवटच्या बाकावरील निद्रिस्तांना जागे केले, तो घशाच्या शस्त्रक्रियेनंतर घोटभर उरला आहे. ताणला तरी जाईल आणि वापरला नाही तरी जाईल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. अशा वेळी नवऱ्याने तिच्याजवळ बसून चार शब्द बोलावेत, की गाडीच्या पोटात तोंड खुपसावे? मागल्या खेपेस तिच्या स्वरोपचारासाठी आपण तिघे गेलो होतो. जाऊन येऊन सहा तास तिने चकार शब्द काढला नाही. तिचे मन रमावे म्हणून मला एकट्यालाच अखंड बोलावे लागले, आणि तेही टायरांवर वरताण आवाजात.

गाडी पुन्हा जोडल्यावर जसे चार स्क्रू उरतात, तसा अल्पस्वल्प लोभ माझ्यासाठीही उरावा.

आपला शालक,
(ताईने बालपणीच बहाल केलेल्या पदवीनुसार) भोंगा


दि. ११ जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लांब होतं.

दुकानात घड्याळ कानाला लावण्याआधी मी पंखा बंद करतो. घड्याळाला मोठ्याने टिकटिक कर म्हणून सांगत नाही. गाडीत तेवढंच चाललं आहे.

गाडीत तुझी ताई काही बोलायची, मी काय म्हणून विचारायचो. ती पुन्हा बोलायची, मी पुन्हा विचारायचो. चौथ्या खेपेला तिने हातानेच काही नाही अशी खूण केली. आता घरीही ती तीच खूण करते, मी विचारायच्या आधीच. डॉक्टरांनी ज्याची भीती घातली, ते असं सुरू झालं आहे.

तळ आणि मागचा भाग झाला. दारं राहिली आहेत. लाटणं नवीन आणून दिलं. पुढच्या शनिवारी निघायचं आहे, तूही ये. नाही म्हटलं तरी येशीलच.

लोभ आहे, मोजून ठेवलेला नाही.

तुझा भाऊजी


दि. १८ जून

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

आपल्या पंख्याच्या दृष्टांताने मी क्षणभर आपल्या पक्षात आलो. तो क्षण संपला.

दारांचे वृत्त कळले. दाराच्या तळाशी जी भोके असतात ती कारखान्यातील उंदरांनी पाडलेली नसतात, भाऊजी! काचेवरून आत ओघळलेले पाणी त्यांतून बाहेर जाते. आपण त्यांवर चादर डकवून, वर लाटणे फिरवून, त्यांना सद्गती दिलीत. मग गाडी धुतलीत. आता म्हणे वळण घेताच डाव्या दारात समुद्रगर्जना होते. शांततेच्या शोधार्थ निघालेला मनुष्य दारात जलाशय बांधून बसला, हे वाचून कार्यालयात माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते वाहून जाण्यास मला सुदैवाने भोके आहेत.

ताईने या प्रकरणावर तीन पाने लिहिली आहेत. जी बोलत नाही ती लिहून सूड घेते.

शनिवारी मागील आसनावर मी परीक्षक म्हणून विराजमान होईन. निकाल आपण जाणताच. तरी कृपादृष्टी वाहती राहो. दाराप्रमाणे तुंबू नये.

आपला,
भोंगा


दि. २५ जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तू परीक्षक म्हणून आलास, पण निकाल न सांगताच उतरलास. म्हणून मीच कळवतो.

दारांची भोकं मोकळी केली, दारं कोरडी आहेत. टायरांची घरघर निम्म्याहून कमी झाली. वारा ऐकू येत नाही. एकच आवाज उरला होता. मी तासभर शोधत होतो. मागच्या सीटवर डावीकडून यायचा, चढावरही आणि उतारावरही सारखाच.

पुलापाशी तुझी ताई बोलली. तू ऐकलं नाहीस, कारण तू बोलत होतास. मला पहिल्याच खेपेला कळलं. या भोंग्याला चादर लावायची राहिली का, असं तिने विचारलं. मला इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली. काय झालं म्हणून तू विचारलंस, तेव्हा मी टायर बघतो म्हणालो.

परतीच्या वाटेवर तुला झोप लागली. मग ती दीड तास बोलत होती. मी एकदाही काय म्हणून विचारलं नाही.

पुढच्या खेपेलाही ये. झोपेचं तेवढं बघ.

तुझा भाऊजी


दि. २९ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊजींस दाखवू नकोस. त्यांची कारागिरी मी आजही हास्यास्पदच मानतो. उरलेले तीन स्क्रू मी मागील आसनाखाली स्वतः पाहिले आहेत.

परंतु मी जागा असताना तू एक वाक्य बोललीस आणि निजलो असताना दीड तास, हा हिशेब मला कार्यालयात तीन दिवस काही सुचू देत नाही. तुझे मन रमविण्याच्या नावाखाली मी सहा तास तुझ्या तोंडावर बसलो होतो. यास भारदस्त प्रतिशब्द शोधला, मिळाला नाही. गाढवपणा हाच नेमका आहे.

पुढील खेपेस मी मागे बसेन, जागा राहीन आणि बोलणार नाही. पूल आला की एकदा मला ऐकू येईल असे काहीतरी बोल.

शिवी चालेल.

लोभ असो वा नसो, तू बोलत राहा.

तुझा,
चादर लावलेला भोंगा