मुलाम्याच्या आठशे गोळ्या

२ सप्टेंबर, सकाळ
काल नेमबाजी क्लबच्या बैठकीत चाळीस मिनिटं बोललो. दुकानातली तयार काडतुसं म्हणजे गुलामी! जो माणूस आपली काडतुसं आपल्या हाताने भरत नाही, तो उद्या आपलं डोकंही दुसऱ्याकडून भरून घेईल! प्रचंड टाळ्या. (त्याच वेळी खायला ॲपल पाय आला, पण टाळ्या मलाच होत्या.) ठराव मंजूर. बारा ऑक्टोबरच्या काउंटी सामन्यात आमचे चौघेही माझ्या हातची काडतुसं वापरणार. मिल क्रीकच्या संघाकडून सात वर्षं हरतोय. संघात मी बावीस वर्षं आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही.
कॅप्टन लोर्ना पेक म्हणाली, रसेल, काडतुसं फसली तर संघातली तुझी जागा गेली हं. म्हटलं, लिहून घे. तिने खरंच लिहून घेतलं.

५ सप्टेंबर
गोळ्या आल्या. आत शिसं, वर तांब्याचा पातळ मुलामा. तीस वर्षं साध्या शिशाच्या भरल्या, या फारच देखण्या. डब्यात सूचनांची चिठ्ठी. यादवी युद्धाच्या इतिहासाचे बारा खंड वाचलेल्या माणसाने डब्यातल्या चिठ्ठ्या वाचायच्या? व्हर्नाने वाचायला घेतली. मोठ्याने. बायकोचा मान राखून मी तळघरात निघून गेलो.

८ सप्टेंबर
काडतुसं भरायचा प्रेस सुरू. पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणारा डाय शिशाच्याच मापावर ठेवला. वर अर्धा फेरा जास्त. ढिलाई मला माणसांत खपत नाही, काडतुसात का खपावी?
व्हर्ना जिन्यावरून म्हणाली, अरे, एखादी उपटून तरी बघ, मुलाम्याला वळ पडत असेल. म्हटलं, स्वतःच्या कामावर शंका घेणारा देश उभा राहत नाही. ती म्हणाली, देश राहू दे, जेवायला ये.

१९ सप्टेंबर
आठशे पूर्ण. पाठ गेली. उद्यापासून व्यायाम.

२० सप्टेंबर
व्यायाम सोमवारपासून.

२१ सप्टेंबर
खडीच्या खाणीत पहिली चाचणी. कागदावर भोकं लांबट. काही तर गोळी झोपून गेल्यासारखी. कारण उघड आहे. कागद ओला.

२८ सप्टेंबर
कागद कोरडा. कारण वारा.
क्लबातला ड्वाइट स्टोलबर्ग सगळ्यांदेखत म्हणाला, रसेल, तुझ्या गोळ्या तुझ्या भाषणासारख्या आहेत, निघतात सरळ, पोचतात आडव्या. लोक हसले. विचारवंताला हे चालायचंच.

५ ऑक्टोबर
संघाची चाचणी. पन्नासपैकी एकोणीस गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. मी नेमबाजांच्या चारित्र्याविषयी बोलायला उभा राहिलो. लोर्ना म्हणाली, बस खाली. तिने गाडीतून काडतूस फोडायचा, म्हणजे बार न उडवता गोळी सुटी करायचा पोकळ हातोडा आणला. माझं एक काडतूस त्यात घातलं. तीन ठोके. गोळी बाहेर. तिच्या कमरेभोवती सुरीने कापावा तसा वळ, मुलामा फाटलेला, आतलं शिसं उघडं. मी सांगितल्याप्रमाणे खाली बसलो. हे प्रथमच घडलं असावं.
मग लोर्नाने खिशातून माझे शब्द लिहून घेतलेला तो कागद काढला.
माझ्या जागी व्हर्ना. (क्लबची सभासद तीही आहे.) दुकानातली काडतुसं.

१२ ऑक्टोबर
सामन्याला गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. दिवसभर खिडकीत बसून वाचन केलं. व्हर्नाची गाडी येताना दिसली तेव्हा पुस्तक उलटं होतं.
हरले. माझ्याशिवायही हरले! पण दोन गुणांनी. गेल्या वर्षी एकेचाळीसने. क्लबात सगळ्यांत जास्त गुण व्हर्नाचे. मी विचारलं, माझी आठवण निघाली का? ती म्हणाली, निघाली ना, ड्वाइटने काढली. आणि ॲपल पाय गरम करून दिला.

१३ ऑक्टोबर
लोर्नाने हातोडा पाठवला. उरलेली सातशे काडतुसं फोडायची. तीन ठोके, एक गोळी. सकाळपासून चौतीस. प्रत्येकीच्या कमरेला तोच वळ. मधेच एक बिनवळाची निघेल असं वाटत होतं. व्हर्ना वरून म्हणाली, हळू मार, कपाटातल्या बश्या हलतायत.
क्लबच्या पुढच्या बैठकीचं पत्र आलं. विषयपत्रिकेत भाषण नाही.
गोळ्यांच्या डब्याच्या तळाशी सूचनांची ती चिठ्ठी सापडली. वाचली. ‘हलकेच आवळा’ ही पहिलीच ओळ. चारच ओळी आहेत.