उणे तीसचं गणित

आक-तेरेक, नारीन खोरं
२१ नोव्हेंबर

प्रिय जुमाकादीर,

घरी सगळी सुखरूप ना? मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या का? आयसुलूला सांग, तिने पाठवलेला कुरुत मिळाला, वाळवलेल्या दह्याच्या सगळ्या गोळ्या. मी एकटीनेच फस्त केला, लाजसुद्धा वाटली नाही. दोन वर्षं तू थोरल्या बहिणीचा उंबरा चढला नाहीस, पण तुझी बायको मला विसरली नाही, तेवढं बरं.

इथे थंडी लवकर पडलीय. आज उणे अठरा. सकाळी नदीवरच्या पुलाखाली गेले होते. तुळईला रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची भुकटी फासली. आत मुरलेलं रॉकेल वर आलं नि तडा पिवळा उमटला. चौतीस मिलिमीटर.

दोन वर्षांपूर्वी आपल्या आईच्या वर्षाच्या जेवणाला तू म्हणालास, "एजे, कडाक्याच्या थंडीत कोळशाचा ट्रक नेला की तो पूल कडकन वाजतो." आणि मी सगळ्या पाहुण्यांदेखत म्हटलं, "पूल नाही रे, तुझे गुडघे वाजत असतील! पुलाच्या दाखल्यावर सही माझी आहे, तू स्टिअरिंग सांभाळ." सगळे हसले. तू चहा तसाच ठेवून उठलास.

पूल वाजत होता, कादीर. तू बरोबर होतास.

तडा नव्वद मिलिमीटर होईपर्यंत धोका नाही, असं मी लिहून दिलं होतं. पण त्यासाठी पोलादाच्या चिवटपणाचा आकडा घेतला पुस्तकातला, आणि तो होता वीस अंश उबेतला. थंडीत पोलाद ठिसूळ होतं हे मी वर्गात पोरांना शिकवलंय! तेव्हा माझी अक्कल कुठे गेली होती? उणे तीसला तेच गणित केलं, तर नव्वदचे छत्तीस होतात. छत्तीसला तडा मुंगीच्या पावलाने वाढत नाही, एका दमात तुळई दुभंगते.

हे आजच कळलं, असं लिहून मोकळी होणार होते. खोटं आहे ते. ऑगस्टमध्येच कळलं होतं. नाव जाईल म्हणून गप्प बसले. रोज तुझा ट्रक सुखरूप पार होईपर्यंत खिडकीत उभी राहायचे, तरी गप्प बसले.

काल रस्ते खात्याच्या मिर्लान साहेबांना सांगितलं. म्हणाले, "बाई, कोळशाचा हंगाम आहे. मार्चात, नौरोजनंतर बघू. खोऱ्याने चुली कशाने पेटवायच्या?" मी म्हटलं, "जिवंत राहिले तर गोवऱ्यांनी पेटवतील."

परवा उणे तीस होणार म्हणतात. उद्या सकाळी मी माझी जीप पुलाच्या तोंडाशी आडवी लावणार आहे. पोलीस येवोत नाहीतर साहेब येवोत, हलणार नाही. पण तू पलीकडून येतोस. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र दूधवाल्या ताशमातच्या हाती, तो पायी पलीकडे येतो.

ट्रक पुलावर चढवू नकोस. काठावरून हॉर्न वाजव. मी चालत येईन, माझं वजन तो अजून सोसेल. मग तोंडावर हव्या तेवढ्या शिव्या घाल. हवं तर त्या सगळ्या पाहुण्यांना बोलाव.

जिच्या सहीवर विसंबून तू रोज पूल ओलांडलास, ती तुझी एजे,
बुरुलचा