शेंदराखालची पाइपलाइन

मस्कत, मंगळवार, संध्याकाळ

आईचा फोन आला तेव्हापासून डोकं फिरलंय. आमची शिवडीची चाळ पाडून मागच्या मोकळ्या पट्ट्यावर बिल्डिंग आणि रस्ता होणार, पालिकेची मंजुरी मिळाली. ती खूश. अरे, त्या पट्ट्याखालून तेलाची पाइपलाइन जाते! इथे मी पाइपलाइनवरच काम करतो. पाइपावर कुणी साधी टपरी टाकली तरी आमचा फोरमन हाकलून लावतो.

म्हटलं, "आई, तिथे पाइपवाल्यांचा खुणेचा दगड आहे ना?"

"दगड खंयचो? देव तो आमचो. पालिकेचे सायब मोजूक इले, चपला काढून पाया पडले. कागदार देऊळ म्हणून लिवल्यांनी."

पाया पडले! त्या दगडावर धोक्याची खूण कोरलीय. शेंदूर खरवडून बघायला काय झालं होतं? जमिनीखाली काय आहे, ते पालिकेने कुणाला विचारायचं, पुजाऱ्याला?

पण शेंदूर लावला कुणी? आम्हीच. दहावीला बसलो तेव्हा मीही तिथे नारळ फोडला. नापास झालो ते सोडा.

आईला म्हटलं, "चाळ पाडायच्या संमतीवर सही करू नकोस. आधी शेंदूर काढ, फोटो पाठव, मी तक्रार करतो."

ती म्हणाली, "देवाक मी हात लावचंय नाय. तू ये आणि तूच खरवड."

सह्या सोमवारी आहेत. मला सुट्टी थेट गणपतीत.