रोट बाहेर गेला

शनि. २८ जुलै १९९०
आले: गहू १० किलो, ३५ रु. चणाडाळ, २४. गूळ, १२. नारळ तीन, ११. ज्योतीच्या हृदयाच्या नव्या गोळ्या, ६८. आणि धुळ्याहून एक कार्ड, त्याचे काही पडले नाही.
कार्ड गाडीवाल्यांचे. धुळ्याबाहेर विमानाची जुनी पट्टी आहे, तिथे हे हौशी लोक रविवारी शर्यती लावतात. पुढच्या रविवारी आजारी मुलांना फिरवणार. आपल्या डॉक्टरांनीच ज्यो.चे नाव कळवले म्हणे. नऊ वर्षांची पोर, जिना चढली की ओठ निळे. तिला शर्यतीच्या गाडीत? हे म्हणाले, "जाऊ दे गं. मुंबईच्या ऑपरेशनआधी एकदा."
आधी म्हणजे काय, ते मी विचारले नाही.

रवि. २९ जुलै
घरात कानबाई देवी बसली. माणशी सव्वा मूठ गहू घेऊन नैवेद्याचे गोड रोट केले. ज्यो.च्या नावाची मूठ सासूबाईंनी स्वतः भरली, घट्ट. रोट पुनवेच्या आत संपवायचे, आणि भाऊबंदांतच. दिलेल्या लेकीलासुद्धा घास नाही.
देवीला काय मागितले ते इथे लिहीत नाही.

रवि. ५ ऑगस्ट
धुळे. पहाटेची एस.टी. उघडीप होती, बरे झाले. पट्टीच्या कडेने ड्रम नि टायर मांडलेले, सात-आठ गाड्या, एक डॉक्टर. मुले पाहवत नव्हती. कोणाच्या डोक्यावर केस नाहीत, कोणाच्या हाताला सुईची चिकटपट्टी. रडत मात्र कोणी नव्हते, आया सोडून.
ज्यो. लाल उघड्या जीपमध्ये. चालवणारे अण्णा, तिथले गॅरेजवाले. शेजारच्या सीटवर दोन मुले एका पट्ट्यात, ज्यो. आणि शिरपूरकडचा हिरामण. त्याला महिन्याच्या महिन्याला रक्त चढवतात.
"अण्णा, आमचे बाबा लुनासुद्धा याच्याहून जोरात चालवतात," ज्यो. म्हणाली. तोंडाने फटकळ, आजीवर गेली आहे.
"असं? मग धरून बस, बाबांना मागं टाकू."
आणि सोडली. नुसता धुरळा. मी डोळे मिटून जप करत होते. उघडले तेव्हा जीप पलीकडच्या टोकाला ठिपक्याएवढी, दोघांचे हसणे मात्र इथवर.
उतरल्यावर हिरामणची आई धावतच माझ्याकडे आली. "ताई, तुमनी पोरनी त्याले रोट दिधा. बठ्ठा खाई टाका मना पोऱ्यानी! आठ दिनपासून पेज सोडी काही खाये नही. कोनती देवी शे? मी बी हात जोडसू."
वाटेत भूक लागली तर असू दे म्हणून ज्यो.च्या डब्यात मीच ठेवला होता. तिच्याच नावाचा, शेवटचा. आणि तिने तो गाडीत...
त्या माउलीला काय सांगणार. "कानबाई," म्हटले, आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. कपाळ तापलेले.

सोम. ६ ऑगस्ट, पुनव
सासूबाईंनी विचारलेच. खोटे बोलवेना.
"काहून वं, देवीचा रोट परघरी? तुले समजत नाही?"
देवीपुढे नाक घासले.

शुक्र. १७ ऑगस्ट
ज्यो. गच्चीपर्यंत चढली. न थांबता. ओठ गुलाबी. मी वाळवण तसेच टाकून बघत राहिले.
हल्ली पाट मांडून गाडी खेळते, बसते अर्ध्याच पाटावर. म्हटले नीट बस, पडशील.
"हिरामण आहे ना इकडे."
"अगं, तो त्याच्या घरी."
"वळणाला घाबरतो तो, आई. माझा दंड धरून ठेवतो."
तिची बाही वर करून पाहिले. काही नव्हते. कशाला पाहिले मी?

शनि. १ सप्टें.
डॉक्टर म्हणाले, चांगली सुधारणा आहे, मुंबईची घाई नको, दिवाळीनंतर बघू. ह्यांनी पेढे आणले. म्हणतात, नव्या गोळ्यांचा गुण.
सासूबाई पेढा चघळत, "गोया काय करता? रोट गेला तेच बरं झालं. पोरीचं जे होतं ते घिऊन गेला."
महिनाभर माझ्याशी धड न बोललेली बाई हसून हे म्हणाली. पेढा माझ्या तोंडात फिरत राहिला.
ज्यो. जेवायला बसली की मी ताट वाढते, आणि वाटते हा घास कोणाच्या तोंडचा. तिची गालफडे भरतायत तशी त्या पोराची...
नाही लिहीत.

गुरु. १३ सप्टें.
आज ज्यो. पाटाच्या मधोमध बसली. ऐसपैस.
"हिरामण कुठे गं?"
"उतरला."
"कुठे उतरला?"
"मला काय माहीत? उतरला. भाकरी दे."
दोन भाकरी खाल्ल्या. ह्यांना म्हटले, ऑफिसातून अण्णांच्या गॅरेजला फोन लावा. लावला. त्यांच्याही कानावर काही नाही, गावाचा पत्ता तेवढा दिला.
हे म्हणाले, "कशाला उगाच? बरा असेल." मग पेपरात तोंड घातले.

शुक्र. १४ सप्टें.
जवाबी कार्ड आणले. मजकूर पाटीवर दोनदा लिहून पुसला. शेवटी कार्डावर असा उतरवला:
"ताई, नमस्कार. धुळ्याला गाडीत तुमच्या हिरामणजवळ बसली होती ती माझी ज्योती. तिची तब्येत सुधारते आहे. हिरामणला कसे आहे? रोज दिवा लावताना तुमच्या पोराचे नाव आधी घेते, मग माझ्या पोरीचे. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून लिहवून घ्या. सोबतच्या कार्डावर माझा पत्ता घातलेला आहे. जे असेल ते लिहा, माझे मन राखू नका, पण उलट टपाली कळवा."