मला सोडे बाधतात

सोमवार, मे महिन्याचा शेवट.

आई, सकाळच्या गाडीने मुलगी पुण्याला परत गेली. ताई कालच संध्याकाळी बोर्लीला तिच्या घरी गेली. ही बँकेच्या कामाला बाहेर पडली आहे, तिथून मैत्रिणीकडे जाणार, म्हणजे दुपारनंतरच येईल. मी बागेला पाणी लावलं, पंप बंद केला, आंघोळ केली. मग फ्रीजमधला डबा काढला आणि कालच्या पिझ्झाचा एक तुकडा तव्यावर गरम करून खाल्ला. त्यावर सोडे होते. आता पडवीत शर्टाची बाही वर करून बसलो आहे आणि अंगावर पित्त उठतंय का ते बघतो आहे. नुसतं बसवत नाही म्हणून हे लिहितो आहे.

तू गेलीस तेव्हा श्रीवर्धनात पिझ्झा मिळत नव्हता. आता समुद्राकडे जाताना दोन ठिकाणी मिळतो, पण आमच्या मुलीला तो आवडत नाही. ती म्हणते, घरीच करायचा. मैद्याची फुगवलेली जाड पोळी, त्यावर काहीतरी ओलं वाटण, मग चीज, आणि सगळ्यात वर आपल्याला हवं ते. सुट्टीत आली की रविवारी तिचा हा कार्यक्रम असतो. काल तिने नियम काढला की बाजारातली सिमला मिरची आणि डब्यातला मका बास झाला, या वेळी प्रत्येकाने आपल्या इथलं काहीतरी सुचवायचं. सॉसच्या जागी तिने ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी वाटली. हिने ओले काजू सोलून ठेवले होते, त्यांच्यावर कैरीचे बारीक काप घालायचं ठरवलं. ताई बोर्लीच्या बाजारातून सोडे घेऊन आली होती, ते तिने भिजवले, कांद्यावर मसाला घालून परतले, वर आमसुलाचं पाणी शिंपडलं. त्या वासाने मी बाहेरून आत आलो. तो वास मला तुझ्या स्वयंपाकघरापासून माहीत आहे. चव माहीत नाही.

ताई त्या पोळीकडे बघून म्हणाली, "हे थालीपीठच की गं. वर कशाला रचत बसतेस, पिठातच कालव ना सगळं."

"आत्या, मग तो पिझ्झा नाही होणार."

"न होऊ दे. पोटात गेल्यावर कोण विचारतंय त्याला नाव?"

मी ओट्याजवळ उभा होतो. मुलीने विचारलं, "आणि बाबांच्या पिझ्झावर काय?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "त्यांना सिमला मिरची." ताई म्हणाली, "हो, त्याला साधाच कर बाई, त्याला सोडे बाधतात." विचारणारीने विचारलं, सांगणाऱ्यांनी सांगितलं, आणि फ्रीजमधून सिमला मिरची निघालीसुद्धा. नियम सगळ्यांना होता, मला नव्हता. यात त्यांची चूक नाही. हे तू ठरवलंस आणि सगळ्यांना शिकवून गेलीस.

मला आठवतं तेव्हापासून मला सोडे बाधतात. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आपल्याकडे सुक्या मासळीवरच दिवस काढायचे. तू वरच्या फळीवरची बरणी काढायचीस आणि सोड्यांची खिचडी लावायचीस. मोठ्या पातेल्यात ती, आणि बाजूला माझ्यापुरत्या बटाट्याच्या काचऱ्या. आधी मला त्याचं कौतुक वाटायचं. ताई चिडवायची, लाडोबाचं वेगळं पातेलं. मग केव्हातरी कौतुक संपलं आणि नुसतं पातेलं राहिलं. कुणाकडे जेवायला गेलो की तू पंगतीच्या त्या टोकावरून ओरडायचीस, "त्याला वाढू नका हो, त्याला सोडे बाधतात!" सगळी पंगत माझ्याकडे बघायची. नोकरीला लागल्यावर हरिहरेश्वरला ऑफिसची सहल गेली, तू बरोबरच्या शिपायाला सांगून ठेवलं होतंस. लग्न ठरलं तेव्हा हिच्या आईला पहिली गोष्ट ही सांगितलीस. मागच्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, कसली ॲलर्जी? मी काही बोलायच्या आधी ही म्हणाली, "सोडे." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

काल मी म्हणालो, "मला सोडे घाल." मला वाटतं आवाज फार लहान आला असावा, कारण मुलीने परत विचारलं. मी परत सांगितलं. ताई हसायला लागली. "आता या वयात? रिटायर झालास म्हणून काय?"

मुलगी म्हणाली, "एक मिनिट. बाबा, तुम्ही कोळंबी खाता ना? परवाच खाल्लीत."

"खातो."

"मग सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबीच ना? ओली चालते आणि सुकी बाधते, हे कसं काय?"

आई, मी बी. कॉम. झालो, सरकारी कचेरीत नोकरी केली, दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढल्या, आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही. तू म्हणायचीस, ओली चालते, सुकी नाही. मी ते पाढ्यासारखं पाठ केलं होतं.

मग ताईने परतणं थांबवलं आणि म्हणाली, "अरे, पण पित्त तर मला उठलं होतं. लहानपणी. अंगभर. आईने आमसूल लावलं होतं मला."

"तुला? तू तर आयुष्यभर खातेस."

"एकदाच उठलं होतं ना. तुला तेव्हा कांजिण्या होत्या वाटतं. का तुलाच उठलं होतं आणि कांजिण्या मला?" तिने कपाळाला हात लावला. "आता नाही बाबा आठवत. कुणाला तरी उठलं होतं हे नक्की." आणि ती पुन्हा हसली.

ही मात्र हसली नाही. "वन्स, तुम्ही हे आज सांगताय? लग्न होऊन आल्या दिवसापासून मी यांचं वेगळं पातेलं ठेवतेय. सासूबाईंनी माझ्या हातात झारा देताना सांगितलं होतं. किती भांडी घासली असतील मी त्यापायी?"

"मला काय विचारतेस? आईला विचार."

तेच तर करता येत नाही. काल दुपारपासून माझ्या डोक्यात हेच चाललंय आणि माझी चिडचिड होते आहे. ताईचा राग येतो, कारण तिला ही गंमत वाटते. पण खरा राग तुझा आहे. तू गेलीस तेव्हा घरातलं सगळं सांगून गेलीस. कुठली विहीर आटते, कुठल्या माडाला पाणी जास्त लागतं, देवाला नैवेद्य कसला. हे का नाही सांगितलंस? तुझी आम्हा दोघांत गल्लत झाली होती का? तसं असेल तर चालेल, दोन मुलं आजारी असली की होतं. पण मला काल रात्रीपासून दुसरंच वाटतं आहे. सोडे तेव्हाही महाग होते. बरणी लहान होती आणि पावसाळा लांब. बाबा, आजी, काका, ताई आणि मी, एवढ्यांना पुरवायचे होते. घरात न बोलणारा, न मागणारा मुलगा एकच होता. त्याला बाधतात म्हटलं की एक तोंड कमी. असं असेल तरी मला समजेल गं. मी आता तुझ्याहून मोठा झालो आहे, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्याहून. पण मग ते मला कधीतरी सांगायला हवं होतंस. निदान पगार सुरू झाल्यावर तरी. माझ्या पैशांनी मी घरात सोडे आणून द्यायचो आणि काचऱ्या खायचो.

एक दिवस मात्र या हिशेबात बसत नाही. मी चौथीत असेन. अंगणात सुपावर सोडे उन्हाला ठेवले होते, त्यातले मी मूठभर तोंडात टाकले. तू आतून धावत आलीस, तोंडात बोटं घालून सगळे बाहेर काढलेस, हातावर फटका मारलास, चूळ भरायला लावलीस. आणि मग माझा हात धरून पायरीवर बसलीस. तुझं काम पडलेलं, चूल पेटलेली, आजी आतून हाका मारते आहे, आणि तू उठत नाहीस. सारखी माझा हात उलटासुलटा करून बघते आहेस. मध्येच म्हणतेस, "बघ, लाल झालंय." मी बघतो. लाल झालेलं असतं खरं, पण तिथे तुझी बोटं असतात. इतकं घट्ट धरलेलं असतंस. हे खोटं बोलणाऱ्या बाईचं बसणं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. ताईला हे काल सांगणार होतो, पण ती म्हणाली असती, तुझ्यापेक्षा सोड्यांची काळजी होती तिला. आणि ते तिने हसत हसत म्हटलेलं मला सहन झालं नसतं.

काल मुलीने बशी पुढे केली होती. "खा बाबा, आत्ताच्या आत्ता. होऊन जाऊ दे प्रयोग. गोळी आहे घरात." ताईने मोबाईल काढला फोटोला. मी म्हटलं, उद्या बघू, आणि सिमला मिरचीचा खाल्ला. सगळ्यांच्या देखत मला ते जमलं नसतं. म्हणून आज एकट्याने खाल्ला. कसा लागला म्हणशील तर खारट, थोडा चामट, आणि चांगला. आमसुलाचा आंबटपणा चीजमध्ये छान उतरला होता. इतका मोठा अन्याय झाला होता असं मात्र वाटलं नाही, आणि त्याचीही चिडचिड झाली.

इतकं लिहून झालं, ऊन पडवीच्या कठड्यावर आलं. दोन्ही हात बघितले. मान चाचपली. पोट बघितलं. काही उठलेलं नाही. कुठे खाज नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, त्यामुळे एक लिहून ठेवतो. मी मघापासून जे बघत होतो, ते उठू नये म्हणून नाही. उठावं म्हणून बघत होतो. एखादी गाठ, एखादा लाल ठिपका तरी.

डब्यात आणखी एक तुकडा होता. तो गरम करत बसलो नाही. ओट्याशी उभ्यानेच खाल्ला, आणि हात धुतले.